दोनशे सतरा आत आहे

लॅपटॉप बंद होत नाही म्हणून एवढी आदळआपट कशाला करता रे? ठेवा बाजूला, होईल तो बंद. बंद न होणारं मशीन काय असतं ते मोतीरामला विचारायला हवं होतं. तीस वर्षांपूर्वी गारखेड्यात तो माझ्या शेजारी राहायचा. ही गोष्ट त्यानं मला एकदाच सांगितली, आणि सांगून होईपर्यंत दिवा मालवू दिला नाही.

मोतीराम चितेगावच्या एका कारखान्यात हजेरीचा कारकून होता. कारखाना नवा आणि साहेब हौशी. आजूबाजूला सगळीकडं रजिस्टरं चालू असताना यांनी हजेरीला कॉम्प्युटर आणला. कामगार फाटकातून आला की त्याचा नंबर 'आत', सुटला की 'बाहेर'. शेवटची पाळी सुटून सगळे बाहेर पडले की दिवस मिटवायचा, म्हणजे त्या दिवसाची हजेरी बंद करायची. मग पडद्यावर 'आता बटण बंद करा' असं यायचं, तेव्हाच बटण बंद करायचं. घाई केली की हजेरी गडप. आधीच्या कारकुनाची नोकरी त्यातच गेली होती, त्यामुळं मोतीराम त्या डबड्याशी सासऱ्याशी वागावं तसा जपून वागायचा.

तारीख तेरा जानेवारी, साल चौऱ्याण्णव. गुरुवार, भोगीचा दिवस. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता होणार, असं शहरभर झालं होतं. सोळा वर्षं लोकांनी त्यासाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, घरं जळताना पाहिली. शेवटच्या घटकेला काय होईल याचा भरवसा नव्हता, चौकाचौकात पोलीस उभे होते. कारखाना तीन दिवस बंद ठेवायचं ठरलं. साहेब दुपारीच सांगून गेले, "मशीन नीट बंद कर, अन् मेन स्विच पाडून जा." शहराकडं जाणारी शेवटची बस साडेदहाला होती. ती चुकली की तीन दिवस चितेगावात अडकायचं, आणि घरी बायको आशाबाई एकटी. पहिलटकरीण, नववा महिना भरत आलेला.

दहा वाजता मोतीरामनं दिवस मिटवायला घेतला. पडद्यावर आलं: एक कामगार आत आहे. नंबर दोनशे सतरा.

"आता ही कुठली माशी शिंकली! कडुबामामा, कोण राहिलंय आत?"

कडुबा फाटकावरचा म्हातारा वॉचमन. बॅटरी घेऊन तो सगळी शेड फिरून आला. "कोन्नी नाय भाऊ. कुत्रं बी नाय."

कामगार घाईत नोंद न करताच निघून जायचे, ते नेहमीचंच. अशा वेळी कारकून आपल्याच हातानं त्यांना 'बाहेर' टाकायचा. कागद जुळला की झालं, कोण बघतंय? मोतीरामनंही दोनशे सतराला बाहेर टाकलं आणि पुन्हा दिवस मिटवला.

दोनशे सतरा आत आहे.

पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. पाच वेळा केलं, सहा वेळा केलं. मशीन बंद करून चालू करावं तर दिवस मिटल्याशिवाय बटणाला हात लावायची सोय नव्हती. मोतीरामच्या नाकी नऊ आले. त्यानं टेबलावर मूठ आपटली, मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "रजिस्टर असतं तर फाडून फेकलं असतं मामा! ह्याला काय करू, पाया पडू?"

"पडून बघा," कडुबा म्हणाला. "पर बस थांबायची नाय. दहा-वीस झाले."

चिडून मोतीरामनं हा नंबर कुणाचा ते काढायला नावांची यादी उघडली. दोनशे सतरा... भिकन.

त्याचा हात जागच्या जागी राहिला.

भिकन सोयगावकडचा. मेंढरं सोडून पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला लागलेला. दिवाळीच्या आधी रात्रपाळीला, पहाटे तीनच्या सुमाराला प्रेसखाली गेला. जागेवरच. साहेब धावत आले आणि मोतीरामला म्हणाले, "दीड वाजता बाहेर गेला असं टाक." त्यानं टाकलं. गावात निरोप गेला की भिकन दारू पिऊन काम सोडून निघाला आणि पैठण रोडवर ट्रकखाली आला. कपडे न्यायला त्याची बायको बानाबाई आली होती. एवढंच म्हणाली, "साहेब, आमचे मालक कदी प्याले नाय हो." मोतीराम मान खाली घालून बोटं चालवत बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

आणि तो नंबर यादीतून तेव्हाच काढून टाकला होता. त्यानंच काढला होता.

बाहेर बसनं हॉर्न दिला.

जाऊ दे नोकरी, म्हणून मोतीरामनं बटण दाबलं. पडदा तसाच. भिंतीतला प्लग उपटला. पडदा तसाच. वीज गेली तर लागणारी बॅटरीची पेटी होती, तिचीही वायर काढली. दोन्ही वायरी त्याच्या हातात... आणि आतला पंखा फिरतोय.

दोनशे सतरा आत आहे.

"काय पाहिजे रे तुला?" मोतीरामनं पडद्याला विचारलं.

शेडमधून प्रेसचा एक ठोका आला.

एकच.

"भाऊ..." कडुबा दारातून हळूच म्हणाला. "म्या मेन पाडून आलोय..."



मोतीराम पुन्हा मशीनपुढं बसला. दिवाळीच्या आधीची ती तारीख काढली. दीड वाजता 'बाहेर', ते खोडलं. लिहिलं: तीन वाजून दहा मिनिटं. प्रेस शेड. कामावर असताना मयत. मशीननं विचारलं, नोंद कुणाची? त्यानं स्वतःचं नाव घातलं.

आता बटण बंद करा.

पडदा विझला. अंधार झाला. मोतीराम धावत सुटला तो चालत्या बसला लोंबकळला. तिसऱ्या दिवशी आशाबाईला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

कारखाना उघडला तेव्हा नोंद तशीच होती. साहेब म्हणाले, पूस. मोतीराम म्हणाला, नाही पुसत. त्याच दिवशी नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी तो त्या नोंदीचा छापील कागद घेऊन सोयगावला गेला, विचारत विचारत बानाबाईच्या घरी. दारातच रडू कोसळलं त्याला. म्हणाला, "वहिनी, भिकन प्यायलेला नव्हता. कामावरच गेला. खोटं मी लिहिलं होतं."

बानाबाई काही चिडली नाही.

"आमाला कळलं हाय," ती म्हणाली. "भोगीच्या राती. या... बगा."

भोगीला तिनं संध्याकाळी घर सारवलं होतं आणि दाराला आतून कडी घालून लेकरांना घेऊन निजली होती. सकाळी उठली तर ओल्या सारवणात पावलं. उंबऱ्यापासून लेकरांच्या अंथरुणापर्यंत. कारखान्यात देतात त्या बुटांची, तळव्याला चौकटी असलेली. त्या घरात बूट घालणारं कुणी उरलंच नव्हतं.

"सारवताना तेवढं सोडून सारवते," ती म्हणाली.

मोतीराम वाकून बघत राहिला. पाच पावलं होती. पाचही आत येणारी... परत फिरलेलं एकही नव्हतं.