राजेळीची सुकेळी

माझं काम हातांचं आणि मला किळस लवकर येते. या दोन गोष्टी एका बाईत कशा नांदतात, असं माझी आई अजून विचारते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. चंदनसारला राहते आणि वसई-विरारभर स्कूटरवरून पेशंटच्या घरी जाते. गुडघे, पाठी, पक्षाघात हे नेहमीचं. अलीकडे लायपोसक्शनच्या बायका वाढल्यात. नळीने चरबी ओढून काढली की कातडीखाली पाणी साचतं, गाठी होतात. हलक्या बोटांनी ते पाणी जांघेकडे सरकवत न्यायचं आणि गाठी मऊ करायच्या. नळीच्या भोकांतून गुलाबी पाणी झिरपत राहतं आणि दिवसरात्र घातलेल्या घट्ट पट्ट्याला आंबलेल्या ताकाचा वास येतो, हे मात्र जाहिरातीत कुणी सांगत नाही. घरी आले की मी कोपरापर्यंत हात धुते.

हेमाली राऊत वसई गावातल्या जुन्या वाडीत राहायची. मुलगा झाल्यावर सुटलेलं पोट काही केल्या उतरेना, म्हणून तिने ऑपरेशन करून घेतलं होतं. वाडी सासूच्या, यशोदाकाकूंच्या हाताखाली होती. केळी, मोगरा, पानवेली, सगळं निगुतीने लावलेलं.

"ताई, ही गाठ गेली नाही तर डॉक्टर परत टेबलावर घेणार आहेत," हेमाली पहिल्याच दिवशी म्हणाली. "मला नाही जायचं. गेल्या वेळी भुलीतून उठले तेव्हा माझ्या पोराला मी ओळखलंच नव्हतं."

"जाईल गाठ," मी म्हटलं. असल्या गाठी जातात.

ही जाईना. नेहमीची गाठ टणक असते. ही लोण्याच्या गोळ्यासारखी होती, थंड आणि बुळबुळीत. कातडीवरूनही तो बुळबुळीतपणा बोटांना कळायचा. मी दाबायला गेले की ती बोटं चुकवून डावीकडे सरकायची. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. ही डाव्या कुशीवर झोपत असेल, म्हणून पाणी तिकडे साचत असेल, अशी मी माझी समजूत घातली.

मग एक दिवस पंख्याचं वारं सोसत नाही म्हणून हेमाली उशी पायथ्याशी घेऊन उलटी झोपली. त्या दिवशी गाठ उजवीकडे गेली. दोन्ही खेपांना त्या बाजूला खिडकी होती. खिडकीबाहेर विहीर आणि विहिरीला लागून राजेळी जातीची एक केळ, घडाच्या भाराने वाकलेली, बांबूचा टेकू दिलेली. तेवढी एकच केळ इतकी माजली होती.

मी खिडकी लावून घेतली. डास येतात, म्हणाले.

पुढच्या खेपेला हेमालीचा चेहरा उतरलेला होता. "काल दुपारी एकदम कोयता मारल्यासारखी कळ आली," ती म्हणाली.

"घड उतरवत होते मी," दारातून काकू म्हणाल्या. "ही अशी ओरडली, माझ्या हातातून कोयता पडला."

नंतर दुपारचं पोट भाजायला लागलं. ऊन लागल्यासारखं, असं ती म्हणायची. घरात बसूनही. अंगणात चटईवर सोललेली केळी सुकत घातलेली असायची आणि काकू काठी घेऊन कावळे हाकत बसायच्या. मी हेमालीचा पट्टा सोडला तर पोटावर पिवळसर तेल सुटलेलं. घाम नव्हता तो. पुसलं की पुन्हा यायचं, आणि त्याला पिकल्या केळ्याचा गोड वास होता. पट्ट्याने पुरळ उठतंय, असं मी ठरवून टाकलं आणि पावडर लावायला सांगितलं.

केळी सुकून झाली आणि गाठ गेली. मी उभी-आडवी सगळी तपासणी केली. पोट सपाट, मऊ, कोमट. हेमाली रडायलाच लागली. मला खरंच बरं वाटलं, इतकं की काकूंनी चहाबरोबर बशी पुढे केली तेव्हा माझा नियम मी मोडला. पेशंटच्या घरी मी खात नाही. पण वाळवलेली केळी, आमची सुकेळी म्हटली की माझा तोल जातो.

"खा गो पोरी, तुझ्या हातानंच बरी झाली ती."

चांगलं सुकेळं मधासारखं तपकिरी असतं, चिवट असतं. हे फिकट होतं. दातांखाली लागलंच नाही, टाळूला थिजलेल्या तुपासारखं चिकटलं. मी दुसरंही खाल्लं.

"त्या विहिरीजवळच्या केळीचं," काकू कौतुकाने म्हणाल्या. "आमच्यात पोराची नाळ वाडीत पुरतात. अंगातलं काही गटारात जाऊ द्यायचं नसतं. हिचंही ते काढलेलं दवाखान्यातल्या आयाला गळ घालून बरणीत आणलं. त्या केळीच्या बुडात घातलं."

मी हेमालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून पट्टा चढवत होती.

"मी नाही खाल्लं, ताई," ती म्हणाली. "पण आईंना नको म्हणता येत नाही."

"आणि बाकीची?"

"बाजारात दिली," काकू म्हणाल्या. "एक बाई नातवासाठी म्हणून पिशवी भरून घेऊन गेली. पोरांना आवडतात."

विहिरीच्या कडेला मी सगळं ओकले. बोटं घालून ओकले. समोर त्या केळीचा तोडलेला बुंधा होता. त्याच्या कापातून पिवळसर तेल ओघळत होतं.

पुढे काही दिवस नुसत्या पेजेवर काढले. हळूहळू जेवायला लागले. झालं ते झालं, म्हटलं.

काल संध्याकाळी भाकरी थापायला ओट्याला टेकले आणि नाभीखाली काहीतरी थंड लागलं.

पीठ धुतलं. हात पुसले. पाहिलं.

थंड, बुळबुळीत. बोटाखालून सरकली. वसईच्या बाजूला.

मी सवयीने दाबली. जांघेकडे. मग जोर लावून दाबली.

फोन वाजला. हेमाली होती.

"ताई, जरा हळू दाबा ना."

मी हात काढला.

"नाही, तुमचा हात मी ओळखते. त्याचं काही नाही," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "पण आणखी एक हात आहे. लहान मुलाचा आहे, ताई. मघापासून तो नखांनी ओरबाडतोय."