परत येणारी कवळी

‘आजोबा, तुमची कवळी सापडली. पण ती दर वेळी परत का येते?’

कासरवेळ बंदरातल्या मंजिरी तांडेलच्या या पत्राला मी पावसाळाभर उत्तर दिलं नव्हतं. मी मुलांसाठी पाण्यावर पुस्तकं लिहितो. त्या बंदराच्या धक्क्यावर भाषण देताना मला शिंक आली आणि माझे वरचे दात थेट समुद्रात गेले. त्यावर काय लिहायचं? शिवाय तिचं कोडं मला सुटलं नव्हतं.

पुढे लिहिलं होतं : ‘गाळोबा ती बंदराबाहेर टाकतो. थोड्या दिवसांनी ती पुन्हा आत! गाळही तसाच. लाँच अशाच रुतत राहिल्या, तर दिवाळीनंतर गाळोबाला भंगारात काढणार आहेत.’

गाळोबा म्हणजे गाळ (पाण्याबरोबर येणारी बारीक माती) उपसणारा यंत्रमानव. दिवाळी जवळ आली, तसा शेवटी मीच गेलो. नाव न सांगता धक्क्यावर उभा राहिलो.

“जबड्याचं माप जुळतंय,” गाळोबा मोठ्यानं म्हणाला. “मंजिरी, कवळीवाले आजोबा आले!”

सगळा धक्का वळून बघू लागला.

“उत्तर आणलंत?” मंजिरीनं विचारलं.

“नाही गं. मला नक्की ठाऊक नाही.”

“मग पुस्तकं कशी लिहिता?”

“भीत भीत.”

मी बादलीभर पाण्यात माती टाकून तिला ढवळायला लावलं. पाणी गढूळ झालं. ती थांबली, तशी माती हळूहळू तळाला बसली.

“वाहतं पाणी माती उचलून नेतं, थांबलेलं पाणी ती सोडून देतं,” मी म्हणालो. “भरती बाहेरचा गाळ आत आणते. बंदरात येऊन पाणी थांबतं…”

“आणि गाळ टाकतं! मग ओहोटी (समुद्राचं पाणी मागे हटणं) तो परत का नेत नाही?”

“तिचा जोर कमी पडतो.”

“म्हणजे मी वर्षभर तोच गाळ उपसतोय?” गाळोबाचा आवाज बसला. “तीच माती? तेच दात?”

“पण मन लावून हो!” मंजिरी म्हणाली.

पूर्वी गाळोबा नव्हता, तरी इथे मोठी गलबतं यायची. ती कशी? मी इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यामागे दगडी भिंतींचा मोठा खड्डा होता. त्यात पोरं क्रिकेट खेळत होती.

“हे आमचं मैदान,” मंजिरी म्हणाली.

“मैदानाला समुद्राकडे दार कशाला?”

विचारता विचारताच मला उलगडलं. ते भरतीचं तळं होतं. भरतीला भरायचं, दार लावायचं आणि पूर्ण ओहोटीला एकदम उघडायचं. साठलेलं पाणी बंदराच्या अरुंद वाटेनं धावतं आणि गाळ खोल समुद्रात नेतं.

“निदान मला असं वाटतं,” मी घाईनं म्हणालो.

“आणि आमची मॅच?” पोरं ओरडली.

मंजिरी त्यांची कॅप्टन. तिनं खेळपट्टीकडे पाहिलं, मग गाळोबाकडे.

“स्टंप काढा रे,” ती म्हणाली.

गाळोबानं गंजलेल्या बिजागऱ्या बदलल्या. तळं भरलं. ओहोटीला मंजिरीनं माझी जुनी कवळी वाटेच्या तोंडाशी ठेवली. “परत आली तर तुम्ही चुकलात, आजोबा.”

दार उघडलं. तपकिरी पाणी गर्जत सुटलं आणि दात दिसेनासे झाले.

मी तिथेच मुक्काम ठोकला. रोज सकाळी गाळोबा तळ चाचपायचा आणि मान हलवायचा. कवळी आली नाही. दिवाळी झाली, तरी आली नाही. एखादी वस्तू हरवल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता. गाळोबा आता तळ्याच्या दाराचा राखणदार झाला. किनाऱ्यावरच्या इतर बुजलेल्या बंदरांची तळीही त्याला शोधायची आहेत.

“आता लिहून द्या,” मंजिरी म्हणाली. “पत्राचं उत्तर पत्रानंच.”

धक्क्यावरच्या पेटीत मी पत्र टाकलं. ऐन ओहोटीला टपालाची लाँच निघाली आणि कुठेही न रुतता बाहेर पडली.

“तालुक्याला जाऊन ते इथेच परत येईल ना?” मंजिरीनं विचारलं.

“येईल की,” मी म्हणालो. “फक्त तेवढंच.”