फिरंगवाडीची ओहोटी

सारंगकोटाच्या पश्चिम बुरुजावर झुंजूमुंजू झाले, तेव्हा खालची खारवटीची खाडी पाणी निपटून काढलेल्या परातीसारखी उघडी पडली होती, आणि पल्याड, तिवरांच्या रानात, एका पडक्या फिरंगी देवळाची दर्शनी भिंत एकटीच उभी होती. फिरंग्यांनी तिथे वसाहत वसवली, तेव्हा तिला आपल्या भाषेत ‘नवे वैकुंठ’ अशा अर्थाचे भारदस्त नाव दिले होते. दोन पावसाळ्यांत बहुतेक रहिवासी जुन्या वैकुंठाला निघून गेले, उरलेले गोव्याला पळाले आणि मागे नाव राहिले फिरंगवाडी.

बुरुजावर सुभेदार रुद्राजी प्रभूंपुढे धाकोजी तांडेल हात जोडून उभा होता. ह्या वसाहतीची पहिली गुराब, तोफांचे लढाऊ जहाज, चिखलात रुतून मोडली, तेव्हा तिचा वाटाड्या होता त्याचा थोरला भाऊ लुमा. ‘ओहोटीला इथं पाणी राहत नाही,’ असे त्याने कप्तान गास्पारला आधीच बजावले होते. कप्तानाने खोल वाट लपवल्याचा आळ घेऊन त्याला देवळाच्या घंटेच्या तुळईला लटकवले आणि किनाराभर दवंडी पिटवली की, लुमा तांडेलाने मीठ खाऊन जहाज बुडवले. दर्यावर्दी माणूस चोराला एकवेळ माफ करील, पण जहाज बुडवणाऱ्याला नाही. तेव्हापासून धाकोजीच्या होडीत कोणी पाय ठेवत नसे.

“तोच गास्पार आज भरतीला येतो आहे,” सुभेदार म्हणाले. “थडग्यांवर फुले वाहायची आहेत, म्हणतो. फुलांसोबत गुराबीच्या पोटात तोफा आणि गवंडी आणलेत, ही आमची बातमी. त्याला आत घेऊन जायला तूच का?”

“त्यानं भावाचं नाव घालवलंय, सरकार. ते त्याच्याच तोंडून परत घ्यायचंय.”

“आणि भुलवणार कसा? काय सांगशील?”

“खरं सांगीन. तोंड दुखेपर्यंत.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. ते चतुर गृहस्थ होते. डाव ओळखून ते हसले, आणि हसायचे थांबले तेव्हाच बोलले. “आमचे लोक तिवरांत दबा धरतील. शिंग कधी फुंकावे?”

“पाणी पुरं उतरल्यावर. त्याआधी माझं काहीही झालं तरी नाही.”

“तोवर तुझा गळा?”

“गळा माझाच आहे, सरकार.”

अवसेचे उधाण भर दुपारी खाडीत चढले आणि त्याच्यावर स्वार होऊन गास्पारची गुराब मुखाशी आली. वाटाड्या म्हणून वर चढलेल्या धाकोजीला कप्तानाने ओळखले, आणि स्वागतादाखल त्याच्या गळ्यात फास अडकवला.

“तळ चिखलाला लागला, की तू वर,” तो मोडक्या मराठीत म्हणाला. “सांग, खोल वाट कुठे?”

“खोल वाट नाहीच, साहेब. गुराब इथंच ठेवा, होडीनं जाऊ. ओहोटीला इथं पाणी राहत नाही.”

“तुझा भाऊही हेच बोलला.”

“मग दुसरं काय बोलणार? खाडी तीच आहे.”

कप्तान आपल्या माणसांकडे वळून हसला. ज्या अर्थी हे दोघे भाऊ इथे पाणी नाही म्हणतात, त्या अर्थी ते इथेच असणार, असा त्याचा बिनतोड हिशेब होता. त्याने शिसे टाकून खोली मोजली; उधाणाचे पाणी, ते खोल भरायचेच. गुराब डौलात थेट फिरंगवाडीपर्यंत गेली.

वसाहतीत घरांच्या जोत्यांवर तिवरांनी मुळे पसरली होती, विहिरीत खारे पाणी होते आणि थडग्यांच्या क्रुसांवर खंड्या बसून मासे गिळत होता. पळून जाताना फिरंग्यांनी देवळाची घंटा नेली होती. तुळई राहिली होती. धाकोजी तिच्याकडे पाहत थांबला.

“काय बघतोस?”

“अजून मजबूत आहे का, ते.” मग तो अदबीने म्हणाला, “साहेब, निघा आता. पाणी उतरतंय.”

“घाई करतोस? म्हणजे वाट इथेच जवळ आहे. शोधा रे!”

शोधाशोध चालू असताना पाणी कोणाची रजा न घेता निघून गेले. गुराब एकदा लांबवर कण्हली आणि कुशीवर कलंडली. एका बाजूच्या तोफा आभाळावर रोखल्या गेल्या, दुसऱ्या बाजूच्या चिखलात तोंड खुपसून बसल्या.

“दगाबाज!” कप्तान किंचाळला. “चढवा ह्याला!”

दोर तुळईवरून गेला. धाकोजीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. तिवरांत बसलेल्या सुभेदारांनी शिंग ओठांशी नेले, खाडीच्या काठापाशी थोडे पाणी अजून चमकत होते ते पाहिले आणि दिलेल्या शब्दासाठी दात आवळून शिंग खाली घेतले. शेवटचा ओघळ आटला, आणि मगच शिंग वाजले. पहिली गोळी दोर ओढणाऱ्याला लागली. गावचे गाबित मच्छीमार फळ्यांवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत घसरत आले. गुराबीकडे धावलेले फिरंगी शिपाई बुटांसकट मांड्यांपर्यंत रुतून त्यांची वाट पाहत राहिले. लढाई म्हणावी असे फारसे काही झालेच नाही.

दुसऱ्या दिवशी कोटाखालच्या धक्क्यावर सगळ्या किनाऱ्याचे तांडेल जमले.

“ह्याची गर्दन मारू?” बांधून आणलेल्या गास्पारकडे बोट दाखवून सुभेदारांनी विचारले.

“नको, सरकार,” धाकोजीचा आवाज फासाने घोगरा झाला होता. “गुराब का बसली, तेवढं ह्या लोकांपुढं सांगू दे.”

कप्तान पुटपुटला.

“मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

“ओहोटीला तिथे पाणी राहत नाही,” गास्पार ओरडला. “लुमा खरे बोलला होता!”

धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने डोक्यावरचे मुंडासे काढून हातात घेतले.

“आता ह्याला सोडा,” धाकोजी म्हणाला. “पण रिकाम्या हातानं नको. शेला द्या, पागोटं द्या. वाजतगाजत गोव्याला पोचवा.”

सुभेदारांनी त्याच्याकडे रोखून पाहिले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले, की शेजारच्या कारकुनाला उगाचच थंडी वाजली. “जरीचा शेला आणा,” ते म्हणाले. “आमच्या अंगावरचा.”

पावसाळ्यापूर्वी गोव्याहून मीठवाला आला, तेव्हा धाकोजी होडीच्या फटींत काथ्या ठोकत होता.

“कळलं का? तुमच्या त्या कप्तानाला गोव्यात त्याच्याच लोकांनी फासावर दिलं. जहाज गेलं, तोफा गेल्या, आणि हा शत्रूचा शेला पांघरून परत! कोण विश्वास ठेवणार? शेवटपर्यंत एकच घोकत होता म्हणे, तिथं पाणी राहत नाही, तिथं पाणी राहत नाही.”

धाकोजीने मोगरीचा एक ठोका नेमका मारला.

“खरं बोलत होता बिचारा,” तो म्हणाला, आणि होडी पाण्यात लोटली. तिच्यात बसायला माणसे केव्हाची थांबली होती.