येतो न म्हणता

मंठ्याच्या एसटी स्टँडवर, सिमेंटच्या बाकाच्या अगदी टोकाला, एक तरुण गालावर हात ठेवून बसला होता. डोळ्यांत पाणी, आणि नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली. जालन्याची गाडी लागली म्हणून लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरत होते, शेंगदाणेवाला कानाशी येऊन ओरडत होता, पण हा जागचा हलेना.

इंद्रायणीने त्याला पाहिलं आणि तिच्या काळजात चर्र झालं.

ती औरंगाबादला समाजकार्य शिकून नुकतीच परत आली होती. किल्लारीच्या भूकंपाला तीन-साडेतीन महिने झाले होते. तिकडच्या गावांत राबून दमलेले एका संस्थेचे कार्यकर्ते विश्रांतीला घरी आले होते, आणि त्यांना तीन दिवस शिकवायचं काम तिच्यावर होतं. ज्यांची माणसं गेली त्यांच्याशी कसं बोलावं, त्यांचं कसं ऐकावं, आणि ते ऐकता ऐकता आपण स्वतः कसं कोसळून पडू नये, असा सगळा विषय. आयुष्यातलं पहिलंच शिबिर! रात्रभर पाठांतर झालेलं. त्यात सकाळी सकाळी असा माणूस समोर दिसल्यावर ती काय स्वस्थ बसते!

ती बाकावर हातभर अंतर ठेवून बसली.

"बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नका," ती हळुवारपणे म्हणाली. "मी नुसती बसते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"रडू येत असेल तर येऊ द्या. पुरुषांनी रडू नये असं काही नसतं."

त्याने जोरजोराने मान हलवली आणि गालाकडे बोट दाखवलं. बिचाऱ्याचा कंठ दाटून आलाय, इंद्रायणीला वाटलं.

"घरातलं… कोणी गेलं का?"

"दाढ," तो कसाबसा म्हणाला.

"काय?"

"दाढ दुखून राह्यली, मॅडम. तुम्ही लई गोड बोलून राह्यल्या, पण… लवंगाचं तेल असंल तं बघा."

इंद्रायणी तिथून उठली ती थेट रस्त्यापलीकडे गेली. हे ध्यान आयुष्यात पुन्हा दिसू नये, एवढंच तिने देवाकडे मागितलं. देव त्या दिवशी दुसऱ्या कोणाचं तरी ऐकत असावा. तासाभराने ती शिबिराच्या जागी उभी राहिली, तर दारातून हेच ध्यान सुजलेला गाल घेऊन आत आलं.

"धर्मराज," संस्थेचे रामराव सर ओळख करून देत म्हणाले. "जांबेकडचा पोरगा. पत्र्याचे शेड उभे करायला आमचा हुकमाचा एक्का."

"आमची वळख झाल्ती, सर," धर्मराज गंभीरपणे म्हणाला. "मॅडमनी मला रडायची परवानगी दिल्ती."

शिबिराची जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. पौष महिना, लग्नं नाहीत, म्हणून रामराव सरांना ते स्वस्तात मिळालं होतं. आता मंगल कार्यालय म्हटल्यावर मंचावर नवरा-नवरीच्या त्या लाल मखमलीच्या खुर्च्या आल्याच. दुसरी खुर्चीच नव्हती. इंद्रायणी नवरीच्या खुर्चीत बसून शिकवू लागली, आणि शेजारची खुर्ची सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी राहिली.

पहिला धडा साधा होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. साधा वाटला, पण समोर कडूबा होता. हा गावोगाव धान्य वाटणारा पन्नाशीचा गडी, मनाने सोन्यासारखा, फक्त तोंड मिटून बसणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याच्यासमोर बालवाडीच्या उषाबाई बसल्या.

"तिकडून आल्यापासून झोप न्हाई मला," उषाबाई म्हणाल्या.

कडूबाने ओठ घट्ट मिटले. मान डोलावली. कपाळावर घाम आला. शेवटी राहवेना.

"जायफळ! दुधात उगाळून घ्यायचं, बाई!"

"मॅडम," उषाबाई वैतागल्या, "ह्यो माणूस मेलेल्यालाबी औषध सांगंल!"

जोड्या लावल्यावर धर्मराज एकटा उरला. म्हणजे त्याच्यासमोर कोण बसणार? इंद्रायणीच. आणि कुठे? त्या खुर्च्यांवर. तो नवरदेवाच्या खुर्चीत ऐसपैस बसला तसा खालून कडूबाचा आवाज आला, "अंतरपाट धरू का?"

सगळं कार्यालय हसलं. इंद्रायणीने चेहरा कोरा ठेवला. कान मात्र तिच्या ताब्यात नव्हते, ते तापले.

"तुम्ही बोला, मी ऐकते," ती म्हणाली.

"स्टँडावर बोललो की."

"ते दाढेचं होतं."

"मंग दाढ माझी न्हाई का?"

"धर्मराज… शेवटचं शांत कधी वाटलं तुम्हाला?"

त्याने जरा विचार केला. "सकाळी. तुम्ही बाजूला येऊन बसल्या तवा. दाढ दोन मिनटं गप झाल्ती, खरंच."

आता यावर शिक्षिकेने काय म्हणायचं, हे औरंगाबादला कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात वेळ संपला आणि धर्मराज उठून चालता झाला. 'बरंय' नाही, 'येतो' नाही, काही नाही.

संध्याकाळी तो तिच्या गल्लीपर्यंत सोबत आला. रस्ताभर गप्पा. त्याच्या बापाची मेंढरं, म्हस्कू चुलत्याचा हट्टी एडका, शेड बांधताना पत्र्यासकट उडालेला कडूबा… इंद्रायणी हसून हसून दमली. आमच्या आजोबांचीही मेंढरं होती, हे तिने मुद्दाम सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिलाच ठाऊक. गल्लीच्या तोंडाशी तिने मनात सराव केला: तो 'येतो' म्हणेल, मग आपण 'या' म्हणायचं. सहज. फार गोड नको, फार कोरडंही नको. तयारी झाल्यावर तिने मान वर केली, तर धर्मराज पार कोपऱ्यावर पोचला होता. पाठमोरा.

"दाढेनं बोलवत न्हाई," दुसऱ्या दिवशी त्याने खुलासा केला. दुपारी डॉक्टरने दाढ उपटून हातात दिली. चहाच्या वेळी तो तिच्याशी बोलत बसला, तिच्या कपातला चहा निवला तेव्हा दुसरा घेऊन आला, आणि बोलता बोलता पुन्हा तसाच उठून गेला. आता तर दाढही नव्हती!

इंद्रायणीला राग आला. त्याहून वाईट म्हणजे, संशय आला. सोमवारी रामराव सरांची जीप भूकंपाच्या गावांकडे परत निघणार होती. त्या जीपमध्ये कोण बसणार, कोणाला अजून थांबवायचं, हे ती सांगेल तसं होणार होतं. धर्मराजने सकाळपासून चारदा विचारलं होतं, "मॅडम, माझं पक्कं ना?" म्हणजे हे गोड बोलणं, हा चहा… सगळा खटाटोप त्या जीपसाठी? काम झालं की उठायचं नि चालायला लागायचं?

दुपारनंतर तिने नाटक करून घेतलं. एक जण घरातलं माणूस गमावलेला, बाकीचे भेटायला आलेले. कडूबा भेटायला गेला. आश्चर्य म्हणजे सल्ला न देता गप्प बसला. सगळे श्वास रोखून पाहत होते. मग तो उठला, हात जोडले, आणि सवयीने म्हणाला, "बरं, येतो मंग."

"आरंऽऽ!" सगळं कार्यालय त्याच्यावर तुटून पडलं. "दुखवट्याच्या घरी येतो म्हणतेत का? परत कशाला येतो, पुन्यांदा कुणी मरायला पाहिजे का? गुपचाप उठावं अन् जावं!"

कडूबाने जीभ चावली. माणसं हसत होती. एकटा धर्मराज हसत नव्हता. तो खाली बघून चपलेचा अंगठा सारखा करत होता.

इंद्रायणीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एकदम सगळं समजलं. हा माणूस महिनोन् महिने दुखवट्याच्या घरांतून उठत आला होता. या घरातून उठायचं, पुढच्यात बसायचं, येतो न म्हणता पुन्हा उठायचं. आणि आता तो मंगल कार्यालयातूनही तसाच उठत होता, गल्लीच्या तोंडावरूनही, तिच्यासमोरूनही. आपण याच्यावर रागावलो, याची तिला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी रामराव सरांनी सगळ्यांना शेतावर हुरड्याला नेलं. स्वतःची काळजी घ्यायची, हा शेवटचा धडा. तो पुस्तकातून कशाला शिकायचा! आगटी पेटली. कोवळी कणसं निखाऱ्यात भाजली जाऊ लागली. धर्मराज तळहातांत कणीस चोळून, फुंकर मारून गरम गरम हुरडा तिच्या ओंजळीत देत होता. चटके बसत होते, तरी ती ओंजळ मागे घेत नव्हती.

"तुम्ही येतो म्हणत नाही," ती हळूच म्हणाली.

त्याचा हात थांबला. "सवय राह्यली न्हाई."

"फक्त सवय?"

तो निखाऱ्यातलं कणीस काठीने उलटत राहिला. तिने घाई केली नाही.

"एक म्हातारी होती," शेवटी तो म्हणाला. "घरातलं कुणीच न्हाई राह्यलं. मी रोज जायचो. एक दिस हासली माझ्यासंगं. मला इतकं बरं वाटलं… निघताना तोंडातून गेलं, आजी, येतो. दोन दिसांनी गेलो तं… आजी न्हाई." त्याने निखारा उगाच ढकलला. "म्हाईत हाय मला, येडेपणा हाय. म्हाताऱ्या माणसाचं काय… पण तवापासून जीभ उचलत न्हाई. ज्या माणसाची पर्वा हाय, त्याच्यापाशी तं बिलकुल न्हाई."

ही शेवटची ओळ इंद्रायणीच्या काळजात जाऊन बसली. तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण तिला दुसरंही काही बोलायचं होतं, आणि ते आत्ताच बोलायला हवं होतं.

"धर्मराज, सोमवारी तुम्ही जाऊ नका. मी सरांना तसं सांगणार आहे."

तो ताडकन उठला. "म्हणजे मला बोलतं केलं, ते आडवायला?"

"हो, आडवणारच! मोडलेल्या पायाचं मेंढरू कुणी कळपामागं पळवतं का? आमचीबी मेंढरं होती, म्हाईत हाय मला!" रागात तिची शहरी भाषा गळून पडली.

तो निघून गेला. अर्थात काही न बोलता. सोमवारी जीप त्याच्याशिवाय गेली, आणि आपण त्याला कायमचं गमावलं, असं वाटून इंद्रायणी घरी उशीत तोंड खुपसून रडली.

आठवडाभर तो रुसला. मग कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी वाट वाकडी करून संस्थेच्या अंगणात हजर झाला. "इकडून चाललो होतो," म्हणाला. पुढच्या बाजारीही इकडूनच चालला होता. कडुलिंबाखाली दोघं बसत, आणि पलीकडे उषाबाई बालवाडीचे तांदूळ निवडत. त्या इतक्या मन लावून निवडत, की एकच पायली महिनाभर पुरली. एकदा त्या म्हातारीबद्दल बोलताना धर्मराज खरोखरच रडला. इंद्रायणी एक अक्षरही न बोलता जवळ बसून राहिली. त्या दिवशी जाताना तो फाटकापाशी अडखळला, वळला, आणि "येतो," म्हणाला. इतक्या हळू, की तिला ते ओठांवरून कळलं. "या," ती म्हणाली. कोरडं की गोड, हे ठरवायला वेळच मिळाला नाही.

पुढे तर अतीच झालं. त्याची आई आसराबाई बाजारात उषाबाईंना सांगत होती, "पोरगं आता विहिरीवर निघालं तरी येतो म्हणतं. मेंढरांलाबी सांगून जातं."

महिन्याभराने जीप पुन्हा निघायची वेळ आली. रामराव सरांनी अंगणात सगळ्यांसमोरच विचारलं, "मॅडम, धर्मराजाचं काय? न्यायचा का?"

इंद्रायणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सर… मला विचारू नका."

"का बरं? तुम्हीच तर थांबवला होता."

"तेव्हा माझं मत सरळ होतं. आता नाही." तिने मान वर केली. "ते बरे झालेत का, हे बघायला गेले की… त्यांनी जाऊ नये, एवढंच मला वाटतं. असल्या माणसानं मत देऊ नये. मीच तसं शिकवलंय."

कडूबाने तोंड उघडलं आणि, नवल म्हणजे, मिटलं.

"मॅडम," धर्मराज पुढे येत म्हणाला, "हे तुम्ही… सगळ्यांम्होरं सांगून राह्यल्या?"

"मग काय खोटं सांगू?"

तो नुसता हसत उभा राहिला. इतका, की उपटलेल्या दाढेची रिकामी जागासुद्धा दिसली.

रामराव सर गोंधळून उषाबाईंकडे वळले. "मग बाई, तुम्ही तरी सांगा. तुम्ही महिनाभर बघताय."

उषाबाईंनी सूप खाली ठेवलं. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सावकाश.

"पोरगा बिलकुल बराबर हाय. खुशाल न्या," त्या म्हणाल्या. "मॅडमचंच काही खरं न्हाई. त्यांला उपचार पाहिजे. आसराबाईला निरोप धाडा, म्हणावं, मंठ्याला पोरगी बघायला जल्दी या."

"निरोप घेऊन कोण जातं?" सरांनी विचारलं.

उत्तर यायच्या आधीच अंगणातली सायकल फाटकाबाहेर गेली होती, आणि सायकलवर धर्मराज होता.