त्यात मला धरलंस का?

काम साधं होतं. दुपारी चार ते सात रेल्वेच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचं आणि रूळ ओलांडून बसथांब्याकडे जाणारी माणसं मोजायची. मुठीत मावेल एवढं मोजणीचं यंत्र ऑफिसनं दिलं होतं. बटण दाबलं की ‘टक्’ व्हायचं आणि आकडा एकानं पुढे सरकायचा. पन्नास माणसं भरली तर रेल्वेगाडी या गावाला थांबवायची, असा नियम होता.

हे काम मी मागून घेतलं होतं, कारण अकरा वर्षांपूर्वी इथे मोजायला मीच आलो होतो.

तेव्हा माझी थोरली बहीण याच गावात राहायची. तिच्याकडे जेवलो, “पाच मिनिटं पडतो” म्हणालो, आणि उठलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. कागदावर अंदाजानं सतरा लिहिलं. ताई खांद्यावरून वाकून बघत होती. तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे अंगाला कायम बामचा वास.

“सतरा? त्यात मला धरलंस का?”

“तुला कशाला? तू कुठे जाणार आहेस?”

“बघ हं. निघेन मी एखाद्या दिवशी.”

दोघंही हसलो.

सतरा माणसांसाठी गाडी थांबत नाही. फाईल कपाटात गेली, आधीच सुरू केलेलं फलाटाचं काम अर्ध्यावर राहिलं. दहा वर्षांनी एका सकाळी ताईच्या छातीत दुखायला लागलं. रेल्वेनं हॉस्पिटल पाऊण तासावर होतं, पण गाडी थांबत नव्हती. बसनं टेकडीला वळसा घालून साडेतीन तास. ती बसमध्येच गेली. भाऊजी माझ्याच गळ्यात पडून रडले. सतरा कुणी लिहिलं होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

फाटकवाला दोनच वर्षांपूर्वी बदलून आलेला. बोलका माणूस.

“साहेब, मागच्या वेळी कुणी मोजलं हो? झोपला होता की काय गडी?”

“असेल,” मी म्हणालो.

“आता राहिलंय कोण मोजायला? अर्धं गाव शहरात गेलं, आणि बाकीचं...” त्यानं हनुवटीनं आभाळ दाखवलं.

साडेसहापर्यंत आकडा चोवीसवर आला होता. उजेड मळकट झाला. समोर अर्धवट राहिलेला फलाट होता, म्हणजे मातीचा लांब ढीग आणि त्यावर सिमेंटचा एक बाक. कमरेएवढं गवत माजलेलं. वारा पडला होता.

पावणेसातची गाडी आली आणि न थांबता धडधडत निघून गेली. धूळ खाली बसत होती, तेवढ्यात माझ्या मुठीत ‘टक्’ झालं.

माझा अंगठा बटणावर नव्हता.

टक्... टक्... घाई नाही, गोंधळ नाही. रांगेत उभी असलेली माणसं एकेक पाऊल पुढे सरकतात, तसं. मी फलाटाकडे पाहिलं. गवत जागोजागी आडवं होत होतं, अलगद, दोन-दोन पावलांच्या जागेपुरतं. आवाज कसलाच नव्हता. फक्त मुठीतला.

थांबलं तेव्हा आकडा एकसष्ट होता.

चोवीस लिहिलं असतं तर ते खरं होतं. मी एकसष्ट लिहिलं. आकडा दोनदा गिरवला. फाटकवाल्याची साक्षीची सही लागायची. तो कंदील घेऊन आला, कागद उजेडात धरला. आता हसेल, मला वाटलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “मीही तेवढेच धरले.”

त्यानं सही केली. मग पुन्हा फलाटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“साहेब... त्या बाकावरच्या बाई विचारतायत...”

“काय?”

“त्यांना धरलं का, म्हणून.”

बाक रिकामा होता. बामचा वास मात्र आला, अगदी खांद्यापाशी.

मी बटण दाबलं. दबेना. दोन्ही अंगठे लावले, नखं पांढरी पडेपर्यंत जोर केला. आकडा एकसष्टवरून हलला नाही.

थांबा मंजूर झाला. पुढच्या वेळापत्रकात गाडी थांबेल असं सांगतात. तशी दोन वेळापत्रकं होऊन गेली. यंत्र मी परत केलेलं नाही. हे काय, दिव्यापाशीच आहे. घ्या, दाबून बघा. चालतं. गल्लीतून कुणीही गेलं की मी दाबतो आणि आकडा मुकाट्यानं पुढे जातो.

ताईला मनात आणून दाबलं, की दबत नाही.