चाकामागचा दगड

दार लावून घे, राजस. आणि संहिता, तुझं ते "ओ कम ऑन, काका" गोष्ट संपल्यावर म्हण. सुदर्शन माझा मित्र, आणि यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

साल दोन हजार सहा. दिवाळी नुकतीच झालेली. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, घड्याळं तासभर मागे करतात ती रात्र. फराळाच्या कार्यक्रमासाठी द हेगहून मागून आणलेली मोठी पातेली परत द्यायला आम्ही दोघं त्याच्या गाडीतून गेलो होतो. तिथे जेवण झालं, गप्पा रंगल्या, निघायला उशीर झाला. मला बेस्ट गावात माझ्या घरी सोडून तो न्यूनेनला, आपल्या घरी निघाला.

गाडी इंग्लंडची, स्टिअरिंग उजवीकडे. इंजिन थकलेलं, म्हणून सोमवारी भंगारवाला ती नेणार होता. पण त्या गाडीची डावी सीट चित्राची होती, त्याच्या बायकोची. ती जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. तिची म्हणून तेवढी एक सीट उरली होती त्याच्याकडे.

तिकडे इंग्लंडात ती दोघं शेफील्डला राहायची, वॉकली नावाच्या वस्तीत. सगळी वस्ती डोंगराच्या अंगावर. काजळलेली दगडी घरं, एकमेकांना चिकटलेली, आणि प्रत्येकाचं छप्पर शेजारच्यापेक्षा एक पायरी खाली. एका गल्लीतून दुसरीत जायचं तर जिना, लोखंडी कठड्याचा. मागच्या खिडकीतून दरीपलीकडचे दिवे दिसायचे. माणसं तशी फटकळ, पण बसचा ड्रायव्हरसुद्धा तिकडच्या रीतीने चित्राला "लव्ह" म्हणायचा. मग ती घरी येऊन सुदर्शनला चिडवायची, की तुला मेलं कधी सुचलं नाही ते. हा आपला कानकोंडा होऊन पेपरात तोंड खुपसायचा.

तिथे चढावर गाडी लावायची म्हणजे चाकामागे दगड हवाच. शेजारच्या म्हातारीने चित्राला ते शिकवलेलं. सुदर्शन ब्रेक दाबून बसायचा, ही उतरून दगड ठेवायची आणि डिकीवर दोन थापा मारायची. त्या ऐकल्याशिवाय त्याने पाय काढायचा नाही. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की ती त्या दगडालाही कुंकू लावायची. म्हणायची, "खरं काम तर हा करतो."

एका फेब्रुवारीत खूप बर्फ पडला आणि त्याच रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला चढ चढेना, ती खालीच थांबली. सुदर्शनने तिला पाठीवर घेतलं आणि तो जिना उतरला. खाली पोचला तेव्हा... पाठीवर ती नव्हतीच म्हणा.

मग त्याने त्या चढाला शिव्या घातल्या, नोकरी बदलली आणि सपाटातला सपाट देश शोधून इथे आला. दगड तिकडेच फाटकाशी राहिला.

तर त्या रात्री. न्यूनेन जवळ आलं होतं. रस्ता रिकामा, दोन्हीकडे शेतं. आणि गाडी धापा टाकायला लागली. त्याने गिअर खाली घेतला. मग आणखी खाली. पाठ सीटला दाबली गेली... तुम्ही रोज सायकलने जाता त्याच रस्त्यावर. आहे कुठे तिथे चढ?

त्याने आरशात पाहिलं. मागे, खूप खाली, दरीभर दिवे.

बाजूला घरं. काळी. पायरीपायरीने उतरणारी छपरं.

तो घाबरला नाही, बरं का. हातांनी आपोआप गाडी कडेला घेतली. ब्रेक दाबला.

डावं दार उघडलं.

थंडी आत आली... दार लागलं.

मागे दगड ठेवल्याचा आवाज.

मग डिकीवर. एक थाप. दुसरी.

तो मला नंतर सांगत होता, "मनोहर, पाय काढवेना रे. पाय काढला की काम झालं म्हणून ती जाईल."

धरून ठेवला त्याने ब्रेक. पाय थरथरायला लागला. त्याने तिला हाक मारली. काही नाही. मग तो रडला, दीड वर्षात पहिल्यांदा. आणि तिने चिडवून मागितलेला तो शब्द रडता रडता म्हणाला.

"लव्ह..."



मग डिकीवर आणखी एक थाप. अगदी हलकी.

पाय त्याने आपणहून काढला.

गाडी हलली नाही. समोर त्याचंच घर होतं, आपली इथली सपाट गल्ली. मागे कुणी नव्हतं.

सकाळी त्याचा फोन आला तसा मी सायकल काढून गेलो. गाडी दारातच उभी. तो पायरीवर बसलेला, रात्रीच्याच कपड्यांत. त्याने बोट दाखवलं.

मागच्या चाकाला टेकून एक दगड होता. काजळलेला, खरबरीत. इथल्या जमिनीत सगळी वाळू, पोरांनो, असला दगड सापडायचा नाही. मी वाकून हात लावला.

बोट लाल झालं. कुंकू अजून ओलं होतं.