बारा मीटरखालचं गाणं

प्रितम पाण्याबाहेर आला तो थरथरतच. होडीची कड घट्ट धरून तो म्हणाला, "खाली कोणीतरी बाई गातेय!"

तन्वी, सलोनी आणि सर्वेश जागच्या जागी गोठली. मालवणचा किनारा धुक्यात पार बुडून गेला होता. समुद्र तर इतका निपचित, की होडीवरून ठिबकणारं पाणीही ऐकू येत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिघं तन्वीच्या अक्षया आत्याकडे आली होती. आत्या टेक्निकल डायव्हिंग शिकवायची. त्यात इतकं खोल जायचं, की घाबरलं तरी सरळ वर येता येत नाही. ठरलेल्या खोलीवर थांबत थांबतच यावं लागतं. म्हणून सगळं दोन-दोन! हवेच्या दोन टाक्या, श्वास घ्यायचे दोन रेग्युलेटर, दोन मास्क. आज तिच्या विद्यार्थ्याचा, प्रितमचा, सराव उथळ पाण्यात होता. काळा केलेला मास्क लावायचा, काहीच दिसत नसताना तळाशी बांधलेली दोरी चाचपत पुढे सरकायचं.

"गाणं उजवीकडून येत होतं," प्रितम कपाळ दाबत म्हणाला. "दोरी सोडून तिकडे जावंसं वाटलं!"

"सोडलीसच तू. मी मागून ओढलं तुला," आत्या म्हणाली. "पण मला काही ऐकू आलं नाही. खूप खोलवर नायट्रोजनची गुंगी चढते, हे खरं. इथे तर फक्त बारा मीटर!"

होडीवाले दाजी पुटपुटले, "थंय कोण तरी आसा. आमी थंय जाळा टाकणव नाय."

सलोनीने तन्वीचा हात पकडला. तो बर्फासारखा गार होता.

"माझ्या टाक्या मागच्या आठवड्यात तारकर्लीला भरलेल्या, त्या संपल्या," किनाऱ्यावर आल्यावर आत्या म्हणाली. "आता प्रितमसारख्याच सुदेशकडे भरलेल्या घेते आणि दुपारी एकटीच बघून येते."

सर्वेश टाक्या भरताना बघायला सुदेशकाकांच्या शेडमध्ये गेला, तो बराच वेळ बाहेरच येईना! मुली धावल्या. सर्वेश भिंतीला टेकून बसला होता, चेहरा पांढराफटक.

"ऐकू येतंय?" तो हळूच म्हणाला. "कोणीतरी गुणगुणतंय..."

मुलींना जनरेटरच्या घरघरीशिवाय काहीच ऐकू येईना. तन्वीच्या अंगावर सरसरून काटा आला. दोघींनी त्याला ओढत बाहेर आणलं. मोकळ्या वाऱ्यात त्याला ओकारी झाली आणि गुणगुण थांबली!

"तन्वी, ती बाई समुद्रात नाही," सलोनी म्हणाली. "शेडमध्ये आहे!"

नाकावर ओढणी धरून तन्वीने आत डोकावलं. ऊन लागू नये म्हणून जनरेटर आत आणून ठेवला होता. त्याच्या धुराची निळसर रेघ वर जायची आणि वळून टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवा ओढणाऱ्या नळीत शिरायची.

"काका, धूर टाकीत जातोय!"

"फिल्टर आहे गो त्याला. पळा, मोठी माणसं झालात काय!" नुकतेच घरून परतलेले सुदेशकाका हसले.

तिघं जेटीकडे धावली. आत्या पाठीवर सुदेशकाकांकडच्या टाक्या चढवत होती.

"आत्या, नको जाऊस! टाक्यांत धूर आहे!"

"आल्यावर बोलू. ओहोटी लागलीय." तिने मास्कसाठी पिशवीत हात घातला. मास्क नव्हता. दुसरा काढायला गेली, तोही नव्हता!

"सगळं दोन-दोन, तूच सांगितलंस," तन्वी धापा टाकत म्हणाली. "म्हणून तू टाक्या चढवत असतानाच मी दोन्ही काढून लपवलेत. आधी सर्वेशकडे बघ!"

आत्या चिडली. मग सर्वेशचा उतरलेला चेहरा बघून तिने टाक्या खाली ठेवल्या. तारकर्लीच्या मैत्रिणीकडून विषारी वायू ओळखणारा मीटर मागवला. टाकीचा कॉक जरासा उघडून हवा मीटरवर सोडली, तसा तो किंचाळायलाच लागला!

"कार्बन मोनॉक्साइड," आत्या पुटपुटली. "वास नाही, रंग नाही. पाण्याखाली दाब वाढला की आणखी घातक. भास होतात, शुद्ध हरपते. मी फक्त ऑक्सिजन तपासला. हेही तपासायला हवं होतं."

मागोमाग आलेल्या सुदेशकाकांनी कपाळावर हात मारला. "माझ्याच्यान केवढा अनर्थ झाला असता गो अक्षया!" त्यांनी स्वतः जनरेटर बाहेर काढला आणि एकेक टाकी रिकामी करायला घेतली. आत्याने प्रितमला आणि सर्वेशला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत दोघं हुशारले.

"शाब्बास गो चेडवांनो!" दाजी दोघी मुलींना म्हणाले. "माणूस वाचयल्यात!"

आत्याने तिघांना जवळ ओढलं, आणि बराच वेळ सोडलंच नाही.